जयकारा मागे घेता येत नाही

कॉव्हेंट्री
११ मार्च

आदरणीय भैणजी,

सत श्री अकाल. दिवाळीनंतर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. तुम्ही फोनवर रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं “असू दे, कामात असशील” म्हणालात, आणि मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जीजाजींचा खोकला थांबला का? बीजी अजून लोणच्याच्या बरण्या घेऊन गच्चीवर चढतात का? (त्यांना अडवू नका, पण शिडी धरून उभ्या राहा.) इकडे सगळे ठीक आहेत. ठीक म्हणजे कोणी आजारी नाही. याहून जास्त लिहिलं तर खोटं होईल.

न लिहिण्याचं कारण असं की मी निवडणुकीला उभी होते. तुम्ही हसाल. जगतारही हसले. म्हणाले, घरात तुझ्याविरुद्ध उभं राहायला कोणी उरलं नाही म्हणून आता बाहेर निघालीस का? मला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता. तुम्हाला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वी मी समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं. युनिव्हर्सिटीत शीख विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. पहिल्या दिवशी मी इतर सगळ्यांसारखी सभासद म्हणून गेले, आणि बाहेर थंडी होती म्हणून थर्मासमधून चहा नेला. भैणजी, तो थर्मास नेला नसता तर हे पत्र वेगळं झालं असतं. दुसऱ्या आठवड्यात सगळे माझी नाही, चहाची वाट बघत होते. दिवाळीपर्यंत मी चहा, पकोडे आणि हरवलेल्या मफलरींची प्रमुख झाले होते. मंडळात कुठलाही विषय निघाला, म्हणजे कीर्तनाला कोणाला बोलवायचं, दस्तार बांधायला शिकवायचा दिवस कोणता ठेवायचा, तर माझ्याकडे वळून एवढंच विचारायचे की आंटीजी, पीठ किती लागेल? मी एकदा सगळ्यांना सांगितलं, मी तुमच्याच वर्गात शिकते, मला नवरूप म्हणा. त्यांनी फार मनावर घेतलं. तेव्हापासून मला नवरूप आंटीजी म्हणतात.

म्हणून मी मंडळाची प्रधान व्हायला उभी राहिले. मोठेपणा हवा होता का, हे मी स्वतःला रोज सकाळी गुरुबाणीचा पाठ झाल्यावर विचारत होते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की सेवा मागावी, खुर्ची मागू नये. मग मी ठरवलं की ही खुर्ची मी बसायला मागत नाही, स्वयंपाकघरातून उठायला मागते. हा युक्तिवाद मला दुपारपर्यंत पटायचा. संध्याकाळी पुन्हा पटायचा नाही. पण एक गोष्ट मला खरंच करायची होती. आमच्यात अर्धे सभासद कामधंदा सांभाळून, बस बदलून येतात, आणि मंडळाचे सगळे कार्यक्रम संध्याकाळी उशिरा असतात; त्यामुळे ते कधीच येत नाहीत. दुपारची एक बैठक ठेवावी, एवढंच माझं म्हणणं. मला कोणीतरी एकदा “तुमचं मत काय” असं विचारायला हवं होतं. एवढ्यासाठी चव्वेचाळीसाव्या वर्षी भिंतीवर स्वतःचा फोटो चिकटवला. (फोटो लग्नातला होता. दुसऱ्या कुठल्याही फोटोत मी एकटी नाही.)

प्रचाराबद्दल थोडक्यात सांगते. मी ज्या मुलांकडे मत मागायला गेले, त्यांनी घरी जाऊन आयांना सांगितलं. आयांनी मला फोन केले. एकीनं विचारलं, बहनजी, घरी सगळं बरं आहे ना? दुसरी म्हणाली, भावाजी काही बोलले का, बोलले असतील तर माझ्याकडे येऊन राहा चार दिवस. एका मुलीनं सांगितलं की कडाह परशादाचा शिरा शिकवलात तर मत तुम्हालाच. मला वाटलं ही लाच झाली. पण परशाद शिकवायला नाही म्हणणंही पाप. शेवटी मी तिला शिकवला, आणि बजावलं की आता मला मत देऊ नकोस. ती लगेच हो म्हणाली. माझ्या शब्दाला मान देणारी एवढी एकच निघाली.

माझ्याविरुद्ध कीरत नावाचा मुलगा होता. वीस वर्षांचा, सरळ, डोक्याला दस्तार नुकताच बांधायला लागलेला, त्यामुळे तो नेहमी डावीकडे झुकलेला. (दस्तार. मुलगा कुठेही झुकत नाही, तोच तर त्याचा त्रास.) भाषणं वर्गात झाली, मावळती प्रधान परनीत सभा चालवत होती. आधी मी बोलले. दुपारच्या बैठकीबद्दल सगळं नीट मांडलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला, की त्या बैठकीला छोले असतील का. सगळे हसले, मीही हसले. नंतर बराच वेळ मला ते हसू चेहऱ्यावरून काढता येईना.

मग कीरत उठला. दोन वाक्यं चांगली बोलला आणि तिसऱ्याला अडकला. नुसता उभा राहिला. भैणजी, त्याचे कान लाल झाले होते, आणि तो हातातल्या कागदावर तीच ओळ पुन्हा पुन्हा शोधत होता. मला ते बघवेना. गुरुद्वाऱ्यात एखादा ढाडी वीरांची गाणी गाताना अडखळला की जमलेल्या संगतीतून कोणीतरी जयकारा देऊन त्याला सावरून घेतं, तसं माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, तेही पूर्ण आवाजात: “बोले सो निहाल!”

सगळा वर्ग “सत श्री अकाल” म्हणाला. काचा हादरल्या. आणि पुढच्या क्षणी मला कळलं की मी काय केलं. आपल्याकडे ठराव मांडला आणि संगतीनं जयकारा दिला की ठराव मंजूर. परनीतनंही तेच म्हटलं. “आंटीजींनी स्वतः जयकारा दिलाय, मग आता मतं कशाला मोजायची? कीरत आपला प्रधान.” टाळ्या सुरू झाल्या, मुलं समोशांकडे निघालीही.

मी हरकत घ्यायला हात वर केला. पण बोलणार काय? माझा जयकारा मी मागे घेते, असं आजवर कोणी म्हटलंय का? मी शब्द शोधत हात तसाच धरून राहिले, आणि तोवर परनीतनं दुसरा विषय काढला होता: हिरवळीवर तंबू टाकून सगळ्या युनिव्हर्सिटीला लंगर द्यायचा, त्याची जबाबदारी कोण घेईल? माझा हात वर होता. वर्गात दुसरा कोणाचाच नव्हता. यावेळी जयकारा कीरतनं दिला. फार खणखणीत दिला, बिचाऱ्याचा आवाज मोकळा झाला होता.

नंतर तो माझ्याजवळ आला. म्हणाला, “आंटीजी, तुम्ही नसतात तर मी पळून गेलो असतो.” मी म्हटलं, “पुत्तर, आधी पाणी पी.”

ते “पुत्तर” गेले चार दिवस मला टोचतंय. त्यांनी मला आंटी म्हणू नये असं मला वाटतं, आणि मी एकालाही नावानं हाक मारत नाही. आणखी एक विचार येतो, तो फक्त तुम्हाला लिहिते. मी तो जयकारा त्याच्यावरच्या दयेपोटी दिला, की मला निवडून येण्याची भीती वाटली? मतं मोजली असती तर मी हरले असते हे जवळजवळ नक्की. पण मग मला मोजलं तरी गेलं असतं.

जीजाजींना फतेह सांगा.

तुमची,
नवरूप

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. जगतारांनी निकालाआधीच बीजींना फोनवर सांगितलं होतं की नवरूप प्रधानकीला उभी आहे. बीजींच्या हिशेबानं जी उभी राहते तिचं आधीच सर्वसंमतीनं ठरलेलं असतं, नाहीतर लोक उभं राहू देत नाहीत. त्यांनी गावच्या गुरुद्वाऱ्यातून भाईजींकरवी लाऊडस्पीकरवर जाहीर केलं की त्यांची मुलगी विलायतेत प्रधान झाली. तर भैणजी, कृपा करून स्वतः जाऊन त्यांना खरं सांगा, शेजारी बसून, हळू. आणि दुरुस्ती लाऊडस्पीकरवरून होणार नाही एवढं बघा.

ता. क. २ – हे वाचून मी फार दुःखी आहे असं समजू नका. आहे, पण तसं समजू नका.

ता. क. ३ – पाकीट बंद करता करता कीरतचा निरोप आला: स्वयंपाकघर उद्या सकाळी मिळालंय, कांदे किती आणू? मी आकडा कळवला. मग लक्षात आलं, पुन्हा “किती लागेल” एवढंच विचारलं गेलं, आणि मी सांगूनही टाकलं.

स्वतःसाठी, उद्या: लंगर मी करणार नाही, हे कीरतला सांगायचं. कांदे चिरायला बसण्याआधी.