नाल्याकडचं गवत

माय, आम्ही गवत कापायचं मशीन घेतलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, कारण माणूस त्याच्यावर खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि गवत खालच्या खाली कापलं जातं. स्टीअरिंग नाही. दोन हातांत दोन दांडे, एक पुढे केला आणि एक मागे ओढला की मशीन जागच्या जागी गरकन फिरतं. तुझे जावई टोपी घालून त्यावर बसले की वरातीतल्या नवरदेवासारखे दिसतात, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. पण आता हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि जाऊनही किती वर्षं झाली. तरी दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

आमची ही जागा तू पाहिली नाहीस. सावली गावापासून बरंच आत, धानाच्या जुन्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करून घेतलेली, मध्ये आंबे, मोहाची दोन जुनी झाडं आणि मधोमध घर. मागे उतार, उताराखाली नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल, आणि ते पुढे मोठ्या जंगलाला मिळतं. यांच्या नोकरीपायी मी जन्मभर सरकारी क्वार्टरांत राहिले. भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. या घरात पहिला खिळा मी ठोकला आणि उगाचच रडले. मुलाला मात्र ही जागा कधीच पटली नाही. तो पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. वास्तूच्या जेवणावळीतच त्याने बजावलं होतं, ‘आई, वाघ आवारात आला की त्याच दिवशी तुम्ही दोघं माझ्याकडे. मग त्यावर चर्चा नाही.’ लेकरांना हो म्हणतात तसं आम्ही हो म्हटलं.

तुझी गवत कापायची रीत मी इथेही चालवली होती. नदीपलीकडच्या आपल्या गावी तू आणि शेजारची काकू गाईसाठी गवताला जायचात. एक वाकून कापायची, दुसरी विळा कमरेला खोचून पाठीशी उभी राहायची आणि सारखी बोलत राहायची, काहीही, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या भांडणाचं. थोड्या वेळाने पाळी बदलायची. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसतं, असं तुम्ही म्हणायचात. एकदा काकूला ताप होता म्हणून तू मला उभं केलंस. मी बोलून बोलून कंटाळले आणि खाली बसून तुरे खुडायला लागले. तू वळून पाहिलंस आणि अशी चपराक दिलीस की कानात घुईं झालं. ‘मी खाली हाओ तर तू खाली काऊन? कोन पायते मंग?’ मी रडत रडत बोलत राहिले. घरी आल्यावर तू मला गूळ दिलास आणि स्वतः चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ बसलीस. तेव्हा मला वाटलं, तू रागावली आहेस.

इथे गावातल्या दोघी यायच्या, तशाच पाळीने कापायच्या. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी पलीकडच्या गावात एक बाई गवत कापतानाच वाघाच्या तोंडी गेली. एकटी होती म्हणतात. मग या दोघींपैकी मोठी सांगायला आली, पायरीच्या खालीच उभी राहून. ‘बाई, आता नाई जमत. घरचे नाई म्हनून राह्यले.’ तिला काय म्हणणार? श्रावणात गवत कमरेला लागलं. मोहाखाली काय बसलंय ते ओट्यावरून दिसेना. संडासला बाहेर जाण्याची गोष्ट राहिली नाही हे खरं, पण दोरीवरचे कपडे काढायलाही मी काठी आपटत जायला लागले.

मग मशीन कोणतं घ्यायचं यावर आमच्या घरात जे चाललं ते लग्नाच्या याद्या करताना चालतं तसं. खांद्यावर अडकवायचं कटर यांच्या पाठीला झेपणारं नव्हतं, शिवाय ते चालवताना माणूस वाकतोच. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर झाडाच्या बुडाशी वळत नाही, प्रत्येक खोडाभोवती गवताचं कडं ठेवतो, आणि आम्हाला भीती त्या कड्यांचीच होती. हे जागच्या जागी फिरणारं मशीन खोडाला बिलगून कापतं म्हणून तेच घ्यायचं ठरलं. नागपूरच्या दुकानदाराने एवढंच सांगितलं, ‘साहेब, सपाटीवर राजा हाय हे. पन उतारावर, त्यातही ओल्यात, नेऊ नका. घसरते.’ म्हणजे नाल्याकडचा उतार राहिला. सगळं आवार तळहातासारखं मोकळं झालं आणि मागे नाल्याकाठी तेवढा एक पट्टा डोक्याइतका वाढत राहिला. बाकीचं कापल्यामुळे तो जास्तच उंच वाटायचा.

तू अंगणाच्या पुढेही जमीन उघडी ठेवायचीस, गवताचं पातं दिसलं की उपटायचीस. मला ते तुझं खूळ वाटायचं. आता कळतं, कारण आमच्या कापलेल्या गवताला आठवड्यात कोवळे कोंब फुटले आणि चितळं आली. आधी कडेकडेने, मग थेट आंब्याखाली. हे तर हरखूनच गेले. मुलाला फोटो पाठवले. मला म्हणाले, ‘पाय वो, घरबसल्या चितळं पायाले भेटून राह्यले!’ मीही पाहिली, नाही म्हणत नाही, सकाळच्या उन्हात फार देखणी दिसायची. पण माय, चितळाच्या मागे काय येतं हे मला ठाऊक होतं, आणि ती कोंब खायला आमच्याच बोलावण्याने आली होती.

परवापासून चितळं येईनाशी झाली. काल दिवसाउजेडी नाल्याकडची वानरं खाकरल्यासारखी ओरडत होती, एकाच जागेकडे पाहून. हे मशीनवर होते, कानांवर मशीनचा आवाज अडवणारे लाल गोळे चढवलेले. त्यांना वानरं ऐकू आली नाहीत, मी मारलेल्या हाकाही ऐकू आल्या नाहीत. नाल्याकडे पाठ करून ते शांतपणे एक एक पट्टी कापत होते. आज सकाळी मी खराटा घेऊन मागे गेले तर नळाजवळच्या ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटला होता. माझ्या पसरलेल्या हाताएवढा, ताजा, कडा न ढासळलेला. नाल्याकडून घराकडे आलेला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि खराट्याने तो पुसून टाकला. मग त्यावर बादलीभर पाणीही ओतलं.

विचार करून केलं असं म्हणवत नाही, पण हाताला नेमकं कळत होतं काय करायचं ते. हे कळलं तर यांच्या पोटात राहणार नाही, मुलाला फोन जाईल, आणि आठवड्यात आमचं सामान बांधलेलं असेल. त्याच्याकडे आम्ही एक महिना राहून आलो आहोत. सून चांगली आहे, सगळं हातात देते. मी दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी ती विचारायची, ‘आई, आज काय केलंत?’

आज हे म्हणाले, ‘उतार आता वाळला, जमते तेवढं नाल्यापर्यंत घेऊन पायतो.’ मी म्हटलं, ‘कायले? राहू द्या ना.’ ‘काऊन? काय झालं?’ ‘काई नाई. घसरते म्हनून.’ ते हसले. चहा झाला की सांगायचं ठरवलं होतं. चहा पिऊन ते मशीनकडे गेलेसुद्धा, आणि मी कप विसळून परत लिहायला बसले आहे. हा कागद चुलीत जाईल, कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणून लिहिते. माय, मला वाघाची भीती वाटते. पण त्या सातव्या मजल्याची त्याहून जास्त वाटते.