आठ बाय बेचाळीस

पळसटोला, जि. भंडारा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धर्मेंद्र,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहिणार होते. 'सगळे' लिहायची सवय अजून जात नाही. घरात मी आणि माझी पुस्तकं. उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे. तलावात पाणी बरं आहे. विहाराच्या पत्र्याला या वर्षी हिरवा रंग दिला, चांगला दिसत नाही. भावजयीची, रीनाची, तब्येत कशी आहे?

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काम दुर्बिणीचं आहे.

पुढच्या महिन्यात मोहाची फुलं पडायला लागतील. गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर बायका जंगलात जायला घाबरतात. पण मोह वेचल्याशिवाय कोणाचंच भागत नाही, हे तुला मी सांगायला नको. वनहक्क समितीनं असं ठरवलं की रोज पहाटे एकीनं तलावाच्या पाळीवर उभं राहायचं, दुर्बिणीतून जंगलाची कड नीट पाहायची, आणि तिनं हात दाखवल्यावरच बाकीच्यांनी उतरायचं. दुर्बीण निवडायचं काम माझ्यावर आलं. गिरजाबाई म्हणाली, "तुले दुनियेतलं सारं समजते न वं, मंग एक दुर्बीण नाही समजणार?" टोमणा होता की विश्वास, कळलं नाही.

नागपूरला जाऊन आले. दुकानदारानं वीसपट मोठं दाखवणारी पुढे केली. "मॅडम, चांद के गड्ढे दिखेंगे." मी म्हटलं, भाऊ, मला चंद्र नको. मला दोनशे पावलांवरचं करवंदीचं झुडूप पाहिजे, तेही सूर्य उगवायच्या आधी. तो हसला. मग सात बाय पन्नास, आठ बाय बेचाळीस, दहा बाय पन्नास असे आकडे सांगत सुटला. आयुष्यभर मी आकडे तोंडावर फेकून साहेबांना गप्प केलं आहे, पण त्या काउंटरसमोर मला एक प्रश्न धड विचारता आला नाही.

तू अकरा वर्षं गळ्यात दुर्बीण घालून जंगलात फिरलास. अंधूक उजेडात कोणती चालते, दव आणि धुक्यात कोणती टिकते, चष्मेवालीला कोणती जमते, एवढं लिही. उत्तर दुर्बिणीपुरतं दिलंस तरी चालेल.

तुझी
दीपमाला


पळसटोला
२ मार्च २०२५

प्रिय धर्मेंद्र,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. अर्धं पान, सात मुद्दे, खाली सही. वर मायना नाही. तू बोलायला लागल्यापासून मला 'बाई' म्हणत आलास. गावात मोठ्या बहिणीला सगळेच म्हणतात. त्या अर्ध्या पानात तो शब्द मी दोनदा शोधला.

पण जे लिहिलंस ते फार उपयोगी पडलं. वरठीचे तेजराम सर पक्षी मोजायला फिरतात. त्यांच्याकडून तीन दुर्बिणी मागून आणल्या आणि आम्ही सहाजणी चार दिवस पहाटे पाळीवर गेलो.

दहापटवाली पहिल्याच दिवशी बाद झाली. गिरजाबाईच्या हातात ती अशी हलायची की तिला जंगल नाचताना दिसलं. "हे तं दंडारच हाय वं," म्हणाली. खूप दिवसांनी बायका हसल्या.

मग तू सांगितलेली परीक्षा केली. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात पाहिलं, तर उजेडाचा गोल ठिपका दिसला. सात बाय पन्नासचा सात मिलिमीटरचा, आठ बाय बेचाळीसचा पाचाच्या थोडा वर. पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं, त्याला सातपटीनं भागायचं; बेचाळीसला आठानं. इतकं सोपं, आणि दुकानात मला कोणी सांगितलं नाही. मोठा ठिपका तो चांगला, असं मी बायकांना तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. माझी सवय तुला माहीत आहे.

पण सात बाय पन्नासमधून पाहिल्यावर प्रतिक्षाला, म्हणजे गिरजाबाईच्या नातीला, झुडपाखालचा दगडसुद्धा वेगळा दिसला. मला आणि गिरजाबाईला दोन्हींत सारखंच दिसलं. तेव्हा तुझा पाचवा मुद्दा पुन्हा वाचला. 'वय पन्नासच्या वर असेल तर डोळ्याची बाहुली अंधारातही पाचापेक्षा जास्त उघडत नाही. उरलेला उजेड डोळ्याच्या बाहेर पडतो, वाया जातो.'

यावर मला पाच मिनिटं बोलता आलं असतं. टाळ्याही पडल्या असत्या. मी दुर्बिणी पिशवीत भरल्या.

आठ बाय बेचाळीस घेतली. सहाजणींपैकी चौघी पन्नाशीच्या पुढच्या, आणि मोठी दुर्बीण गळ्यात तासभर पेलत नाही. आत वायू भरून बंद केलेली आहे, दवानं आतून धुकट होत नाही. ट्यूबलाइटखाली धरली तर भिंगावर पांढरी नाही, हिरवट-जांभळी चमक येते, तू म्हणालास तशी. चष्मेवालीनं रबराच्या वाट्या खाली दुमडायच्या, हे गिरजाबाईला आता पाठ आहे. ती सगळ्यांना शिकवते.

तुझा सातवा मुद्दा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या भिंतीला लावला. 'दुर्बीण अंधार घालवत नाही. झुंजुरक्यात, फटफटायच्या आधी, कोणालाच आत सोडू नका. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही.'

तो चिकटवताना माय आठवली. ती वाकूनच होती. टोपली अर्धी भरली होती.

धर्मेंद्र, मायच्या नंतर चौकशीला जो जबाब गेला, तो माझ्या अक्षरात होता. 'वनरक्षकानं गावाला कोणतीही सूचना दिली नाही.' खाली त्रेचाळीस सह्या आणि अंगठे. वनरक्षक म्हणजे तू. तुझी बदली झाली, घरापासून पावणेतीनशे किलोमीटर लांब. चौकशीत तू काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. 'सूचना गावापर्यंत पोचली नाही.' एवढंच एक वाक्य. कोणामुळे पोचली नाही, हे त्यात नव्हतं.

मला इथे पुढे लिहायचं होतं. होत नाही. दुर्बिणीबद्दल आभार मानते.

दीपमाला


पळसटोला
२४ मार्च २०२५

प्रिय धरमा,

जय भीम.

मोह पडायला लागला. सकाळी वारा पाळीकडे असला की वास घरापर्यंत येतो. हे पत्र मला आधी लिहायला हवं होतं, पण काल ग्रामसभा होती आणि तिथे जे बोलायचं ते आधी बोलल्याशिवाय तुला लिहायचा मला अधिकार नव्हता.

आता क्रमानं सांगते. तुला माहीत आहे, तरी सांगते.

गेल्या वर्षी त्या आदल्या संध्याकाळी विहारासमोर सभा होती. सतरंज्या टाकून झाल्या होत्या, माईक तपासत होते. साडेसहाला तुझा फोन आला. मी भिंतीच्या आड गेले. तू म्हणालास, "बाई, मोठ्या मोहाच्या मांगं वाघीण हाय. संग पिल्लं हायेत. चार दिवस कोणालेच जाऊ देऊ नको. तुयं ऐकतेत लोक. सांगशील न?"

मी म्हणाले, "हाव."

आपल्याकडे 'हाव' म्हणजे होकार. पुस्तकांच्या मराठीत 'हाव' म्हणजे लालसा. इतकी वर्षं दोन्ही मराठी माझ्या तोंडात आहेत आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या एका शब्दात माझ्याकडून दोन्ही अर्थ बोलले गेले.

कारण मी माईकपाशी गेले, समोर तीनशे माणसं होती, आणि माझं भाषण तयार होतं. आठ दिवस तयार केलेलं. त्यात वाघाची भीती हा मुद्दाच होता. दरवर्षी मोहाच्या वेळेलाच वनखात्याला वाघ कसा दिसतो? कायद्यानं दिलेला हक्क भीती दाखवून काढून घेता येतो का? तुझा फोन त्या भाषणात बसत नव्हता. तो सांगितला असता तर भाषण मोडलं असतं. मी स्वतःला समजावलं की तुझ्या साहेबांनी तुला फोन करायला लावला असेल. म्हणजे बहिणीला फसवायला त्यांनी भाऊ वापरला, इथपर्यंत मी गेले. विचार करायला किती वेळ लागला म्हणतोस? भिंतीपासून माईकपर्यंत वीस पावलं.

"उद्यापासून पहाटेच जायचं," मी म्हणाले. "आपली झाडं, आपली वेळ." टाळ्या खूप झाल्या. माय पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना ती माझ्याकडे नाही, बाकीच्यांकडे पाहायची. कोण वाजवतं, कोण नाही.

इथपर्यंत तुला अंदाज असेल. पुढचं माहीत नाही.

घरी येताना तिनं विचारलं, "धरमाचा फोन होता का वं?"

"हाव."

"काय म्हणे?"

"काही नाही वं माय. जेवली का, विचारत होता."

"मंग जाऊ न सकाळी?"

"जा न."

तिनं तुझ्यासाठी म्हणून मोहाची राब, फुलं आटवून केलेला गोड पाक, करायचं काढलं होतं. तू रविवारी येणार होतास. पहिल्या दिवशीची फुलं गोड असतात म्हणून ती सगळ्यांच्या आधी गेली. मी झोपले होते. भाषणानंतर मला नेहमी गाढ झोप लागते.

तू आलास तेव्हा मला वाटलं तू सगळ्यांसमोर विचारशील. तू विचारलं नाहीस. मायला उचललंस, माती दिलीस, आणि घरात न येता परत गेलास. मग चौथ्या दिवशी समितीची बैठक झाली. लोक संतापले होते. कोणीतरी म्हणालं, खबर दिली असती तर म्हातारी वाचली असती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद ओढला आणि तो जबाब लिहिला. सुवाच्य अक्षरात. आपल्या मायच्या मरणाचा दोष मी माझ्या भावाच्या नावावर लिहिला.

काल ग्रामसभेत हे सगळं सांगितलं. माईक घेतला नाही. फोन दाखवला; तो मी बदललेला नाही. दोन मिनिटं अकरा सेकंद, त्या तारखेचं तुझं नाव अजून आहे. बोलता बोलता दोनदा भाषण व्हायला लागलं. माझ्याच लक्षात आलं, मी थांबले.

गिरजाबाई म्हणाली, "मंग आमचे अंगठे तू कायवर घेतले वं?"

"खोट्यावर."

"धरमा पोरगा आमच्या पायावर डोकं ठेवून गेला होता," ती म्हणाली. "मी पाय वडून घेतले होते."

हे मला माहीत नव्हतं. तू तिच्या पाया पडून गेलास, हे मला वर्षानं कळलं.

नवा जबाब तिथेच लिहिला गेला. या वेळी अक्षर प्रतिक्षाचं आहे. मी फक्त सही केली, सगळ्यांत वर. मूळ कागद आज नोंदणीकृत टपालानं तुझ्या वरच्या कार्यालयात गेला. नक्कल सोबत आहे. त्यानं तुझी बदली रद्द होईल की नाही, मला माहीत नाही. मी समितीचं अध्यक्षपद सोडलं. कोणी नको म्हटलं नाही.

एक गोष्ट लिहिते, पश्चात्तापात ती बुडवायची नाही म्हणून. माझं मत बदललेलं नाही. जंगलावर आपला हक्क आहे, तो मागताना घाबरायचं नाही, हे मी उद्याही म्हणेन. हक्क खरा होता. वाघीणही खरी होती. मी एका खऱ्यासाठी दुसरं खरं दाबलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माय होती.

आज सकाळी पहिल्यांदा पाळीवर उभे राहिलो. दुर्बीण प्रतिक्षाच्या गळ्यात होती. मला वाटलं होतं गिरजाबाई मला घरीच बसवेल. ती म्हणाली, "तू ये. तुयं नरडं मोठं हाय. पोरीनं काही पाह्यलं तं थांबा म्हणून तूच बोंबल." तेव्हा आता माझं काम ते आहे. एक शब्द.

फटफटेपर्यंत बायका रिकाम्या टोपल्या घेऊन पाळीच्या अलीकडे बसून राहिल्या. कोणी घाई केली नाही. मधे मी दुर्बीण मागून घेतली आणि मोठ्या मोहाकडे पाहिलं. मायचं झाड. खाली पाला तसाच पडला आहे, या वर्षी तो कोणी झाडला नाही. त्यावर फुलं पडत होती. उजेड अजून नीट नव्हता, पण पिवळट ठिपके वेगवेगळे दिसत होते, मोजता आले असते. वाकलेलं कोणी नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिले. मग प्रतिक्षा हळूच म्हणाली, "आजी, माह्याकडे द्या न, मले पाहू द्या."

मी दिली.

ये असं मी म्हणणार नाही. उत्तर दे असंही नाही. तू मागच्या वर्षी फोनवर 'सांगशील न?' असं विचारलं होतंस, त्याला मी हाव म्हणाले होते. त्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं.

सांगितलं.

तुझी
बाई