चुलीभोवती न फिरलेली लेक

मी तिमासा, गोर्गोसची मुलगी, एक्फांतोसची विधवा, राहणार थेरा बेट. हे माझं मृत्युपत्र. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. मला कुणाचा धाक नाही, हे गावाला ठाऊक आहे. मला लिहिता फारसं येत नाही. अक्षर धाकटा भाऊ इमेरतोस याचं. कायद्यानं बाईला पालक लागतो, माझा पालकही तोच.

घर, द्राक्षमळा आणि माग भावाची मुलगी लाम्पितो हिला. कोठार राखणाऱ्या झ्यूसदेवाचं मडकं तिनं दरसाल धुवावं, पाणी, तेल, सगळी धान्यं घालावीत, मडक्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळावी. दार राखणाऱ्या हेर्मेसदेवाच्या दगडाला तेल लावावं, ओतू नये. तेल फुकट येत नाही.

सासूबाईंना मागची खोली, तहहयात. जेवण गरम द्यावं. मधल्या चुलीला मात्र हात लावू देऊ नये.

का, तेही लिही. मला मुलगी झाली, मुलीसाठी बांधतात तशी दाराला लोकर बांधली. मूल चुलीभोवती फिरवलं की चुलीची देवी हेस्तिया त्याला घरात घेते. नवरा समुद्रावर होता. इमेरतोस म्हणाला, मी फिरवतो. सासूबाई म्हणाल्या, "बाप येईपर्यंत कुणी उचलायचं नाही." होडी येण्याआधी पोर गेली. फिरवली नाही, नाव ठेवलं नाही, म्हणून कुळाच्या थडग्यात जागा नाही, नैवेद्यात वाटा नाही. मडक्यात घालून बांधाशी पुरली. पुढे मूल झालं नाही.

म्हणून माझी अट. दाराची ती लोकर मी जपली आहे. इमेरतोसनं ती घेऊन चुलीभोवती फिरावं, आत्ता, साक्षीदारांसमोर. त्याशिवाय मी अंगठीचा ठसा देणार नाही.

इथं भाऊ थांबला.

"ताई, मेलेल्याला कुणी फिरवतं का? लोक हसतील."

"हसू देत. लिही."

"अगं, जी घरात आलीच नाही..."

"मग माझ्या पोटातून कुठं आली रे, बाजारात?"

तो उठला. फिरला. तान्ह्याच्या मानेखाली हात देतात तशी त्यानं लोकर धरली होती. कुणी हसलं नाही.

आता ती या घरची. तिचं मडकं उकरून माझ्या शेजारी ठेवावं. नैवेद्य आधी तिला, मग मला. नाव फिलोतीस, आमच्या आईचं. फिलोतीस.

नाव दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं, भावानं आपणहून लिहिलं. खोडू नये.

ठसा: तिमासा
पालक, संमतीसह: इमेरतोस, गोर्गोसचा मुलगा
साक्षीदार: कुंभार ख्सेनोन, शेजारी दामोतेलिस
थेरा, कार्नेइओस महिन्याची पौर्णिमा