जुन्या शार्डोनेबाबत वहिनींना खुलासा

सौ. वहिनींस,

तुमच्या शिवणक्लासच्या मैत्रिणीने फोन करून जे सांगितलं ते खरं आहे. मंगळवारी दुपारी मी वाइनच्या दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडले, भिंतीला हात लावून चालत होते, आणि समोर आलेल्या तुमच्या मैत्रिणीला मी फ्रेंचमध्ये नमस्कार केला. मी गात होते, एवढं मात्र तिने पदरचं घातलं आहे. मी गात नव्हते, उच्चारांचा सराव करत होते. हा खुलासा पत्रानेच करणं भाग पडलं, कारण फोन केला तर दादा उचलतो, आणि तुम्ही उचललात तर मला बोलू देत नाही.

आता रीतीप्रमाणे आधी विचारायचं ते विचारते. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा रक्तदाब? (पत्र वाचून होईपर्यंत त्याच्या हाती देऊ नका. नंतरही देऊ नका.) मी ठणठणीत आहे. थोरल्या वहिनी म्हणून तुमचा मान मी कधी मोडलेला नाही, आजही मोडणार नाही, पण पुढचं सगळं वाचल्याशिवाय मत बनवू नये, एवढं वडीलकीच्या नात्याने तुम्हीच मला सांगितलं असतंत.

तर धाकटीबद्दल. तुमची ही मुलगी त्या दुकानात उमेदवारीवर लागली तेव्हा तुम्ही दोघांनी अट घातली होती: महिनाअखेर कायम झाली तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळून घरी यायचं आणि दादाच्या मित्राच्या विम्याच्या ऑफिसात बसायचं. अट रास्त होती. दुकानाच्या मालकीणबाईंनीही परीक्षा ठरवली. येत्या शनिवारी त्या निवडक गिऱ्हाइकांना बोलावणार आहेत. एका फ्रेंच वायनरीची थोरली सून पाहुणी म्हणून येणार आहे. तिच्याच घरची जुनी शार्डोने (म्हणजे पांढरी वाइन) तिच्यासमोर ओतून, तिच्या घराण्याचं नाव घेऊन, धाकटीने चार वाक्यं बोलायची आहेत. जमलं तर कायम.

चवीची मला काळजी नव्हती. नाक आपल्या घराण्याचं आहे. (म्हणजे आमच्या. राग मानू नका, पण तुमचं दूध करपलेलं तुम्हाला शेजारीण सांगते.) मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक असताना बंद दाराआडचं नेलपॉलिश जिन्यातून ओळखत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. अडचण होती ती नावांची. बाटलीवरचं नाव दिसलं की धाकटीची वाचा बसते. दुकानात ती बोट दाखवून "हे... खालच्या फळीवरचं" असं म्हणते. गिऱ्हाइकालाही नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे दोघांचं छान जमतं. मी एका कोपऱ्यात बसून हे नीट पाहिलं आहे. चांगले सुटाबुटातले लोक, महाग वस्तू मागायला घाबरत नाहीत, चुकीच्या नावाने मागायला घाबरतात. एक वकील तर (कोर्टात गरजत असेल) पुटपुटत बाटलीपाशी गेला, स्वतःच उचलून आणली आणि "ही" म्हणाला.

मला कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच होतं, म्हणून धाकटी माझ्याकडे आली. मी माझा जाड शब्दकोश काढला आणि तिला बसवलं. शनिवारच्या वायनरीचं नाव अक्षरं लावून वाचलं तर ब्रेसिनॉल्ट होतं. (हे नाव मी पूर्वी एकदा चारचौघांत मोठ्याने वाचलेलं आहे. कुठे ते पुढे येईल.) धाकटीने दहादा म्हटलं. मग मला शंका आली. आमच्या प्राध्यापकांचं व्याकरण पक्कं होतं, पण त्यांनी फ्रेंच माणूस पाहिलेला नव्हता, त्यांना शिकवणाऱ्यांनीही नव्हता. आमच्या वर्गाचं फ्रेंच म्हणजे पोहण्याचं पुस्तक पाठ केल्यासारखं. शंका आली की उगमापर्यंत जायचं ही माझी सवय. मी सरळ वायनरीला फोन लावला आणि विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणता?

वहिनी, यात इतकी गंमत असेल असं मला वाटलं नव्हतं. ऑफिसातल्या मुलीला माझं फ्रेंच कळलंच नाही. तिला वाटलं मी काही विकते आहे. मी तीन वेळा सांगितल्यावर ती म्हणाली, "ब्रेसनो." शेवटची सगळी अक्षरं गायब! मी म्हटलं, मग ती लिहिता कशाला? तिने फोन एका म्हाताऱ्याकडे दिला, तो तिचा सासरा. त्याचं नाव घेणं म्हणजे गुळण्या करणं. त्याच्या तोंडी ब्रेसिनो, मधला स्वर जागेवर, आणि सून तो खाते म्हणून त्याची तक्रार. अक्षरांबद्दल त्याचं म्हणणं असं, की पूर्वी कोणी म्हणत असेल, आता म्हणत नाही, म्हणून काय पुसून टाकायची? आजोबांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही म्हणून ती आपण रस्त्यावर ठेवतो का? हे मला पटलं. (तुमच्याकडची ती तिपाई आठवली.) तरी नक्की उच्चार कोणता, हे ठरेना. मग त्याने तळघरातल्या माणसाला हाक मारली. पिंपांची देखभाल करता करता त्याचा जन्म गेला आहे. तो म्हणाला, नाव होय? नाव आम्ही घेत नाही. आम्ही नुसतं 'वर' म्हणतो. 'वर जाऊन येतो.' 'वर गारा पडल्या.' नाव बाटलीवर असतं, बाटल्या जातात विकायला.

मी फोन ठेवला. जन्मभर मुलींना सांगत आले की प्रत्येक गोष्टीची बरोबर पद्धत एकच असते. इथे घरातल्यांचंच एकमत नाही आणि वाइन मात्र पिढ्यान्‌पिढ्या नीट होते आहे. तेव्हा मला वाटलं, नाव राहू दे, ती वस्तू तरी काय आहे ते पाहावं. जिज्ञासा, दुसरं काही नाही.

म्हणून मंगळवारी मी दुकानात गेले. दुकानामागे एक खोली आहे: पत्र्याचं टेबल, खोक्यांची चळत, एक बेसिन, टेबलावर पांढरा कागद, म्हणजे रंग नीट दिसतो. मालकीणबाई बाहेरगावी होत्या. जाताना त्यांनी धाकटीला सरावासाठी त्या जुन्या शार्डोनेची एक बाटली दिली होती. धाकटीने बूच इतकं हळुवार काढलं, की जणू तान्ह्या मुलाच्या मुठीतून खुळखुळा सोडवते आहे. (जुनं बूच भुसभुशीत होतं, घाई केली की आत चुरा.) मग तिने माझ्यासमोर पेला ठेवला आणि पेल्याशेजारी एक पिकदाणी.

"आत्या, घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि यात थुंकायचं."

मी म्हटलं, "कोणी?"

"सगळेच थुंकतात गं. तशीच रीत आहे."

"सगळे जिन्यातही थुंकायचे. मी बंद केलं."

वहिनी, तुम्हीच सांगा. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर 'येथे थुंकू नये' ही पाटी माझ्या अक्षरातली होती. मी एका आमदाराला परत बोलावून पुसायला लावलं आहे. आणि आता भाचीदेखत, पेला हातात घेऊन, मी थुंकू? धाकटीने मला थुंकून दाखवलं, अगदी बारीक धार, भांड्याच्या मधोमध, आवाज नाही. मी तिचं कौतुक केलं आणि माझा घोट गिळला. पुढचेही गिळले. ही माझी चूक म्हणा किंवा संस्कार म्हणा, पण पिकदाणी शेवटपर्यंत माझ्या बाजूने कोरडी राहिली.

आता चव. आधी नवी शार्डोने प्यायले, तुलनेसाठी. नवी म्हणजे पहिल्या वर्षाची मुलगी: हिरवं सफरचंद, लिंबाची साल, सगळं दारातच एका दमात सांगून मोकळी. जुनी तशी नाही. रंग जुन्या पितळेसारखा. पहिल्या घोटाला मला काहीच मिळालं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. धाकटी म्हणाली, "थंड आहे अजून. थांब जरा. तिला घाई केलेली चालत नाही." थांबले. मग ओल्या खडूचा वास आला. खरंच, आत्ताच पुसलेल्या फळ्याचा. आणखी थांबले तर लोणी कढतानाचा, तळाशी लाल होऊ लागतं त्या क्षणाचा. मग अक्रोडाच्या सालीचा किंचित कडवटपणा. मग मेणाने घासलेल्या लाकडी फरशीचा वास, आणि त्यामागे बंद कपाटातल्या वह्यांचा. एकाच पेल्यात! ही बाई विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि दर वेळी वेगळं सांगते. मी धाकटीला म्हटलं, हे तुला सगळं आधीपासून कळत होतं? ती म्हणाली, "हो. पण मी कोणाला सांगू? सांगायचं तर आधी नाव घ्यावं लागतं."

एवढ्यात तिला काउंटरवर बोलावलं. मी एकटीच राहिले, पेला आणि जिज्ञासा घेऊन. ती परत आली तेव्हा मी तिला फोनची सगळी हकिकत सांगितली, सुनेची, सासऱ्याची आणि 'वर' म्हणणाऱ्या त्या माणसाची. (मी त्यांचे आवाजही काढले, असं ती म्हणते. मला आठवत नाही.) वहिनी, तुमची ती मुखदुर्बळ मुलगी खोक्यावर बसून पोट धरून हसली, आणि हसता हसता तिने ते नाव घेतलं. न अडखळता. सासऱ्यासारखं. मग सुनेसारखं. मग फळीवरच्या एकेका बाटलीचं नाव घेत सुटली, मोलकरणीने भांडी लावावीत तशी खडखडत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भीती नावाची नव्हतीच, बरोबर असण्याची होती.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीला सांगा, मी भिंतीला हात लावला तो गल्ली उताराची आहे म्हणून. दादाला माझा नमस्कार. औषध वेळेवर घ्यायला सांगा.

तुमची,
नणंद

ता. क. वर 'जिज्ञासा' असं मी मोघम लिहिलं, ते पुन्हा वाचताना मलाच पटेना. त्या खोलीत भिंतीवर एक फलक आहे: 'जुन्या वाइनच्या दोन बाटल्या कधी सारख्या नसतात.' धाकटी बाहेर होती, पहिली बाटली संपलेली होती (वाया घालवणं मला जमत नाही), आणि शेजारी तशीच दुसरी होती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये असं मी शिकले आहे. फलक बरोबर आहे. दुसरीत मेण जास्त होतं. ती दुसरी शनिवारची होती.

ता. क. दोन. ती दुसरी बाटली रिकामी दिसली तेव्हा धाकटीने माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं. मालकीणबाईंना मी स्वतः फोन करून कबुली दिली. त्यांनी आधी विचारलं, कशी होती? मी वर लिहिलं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, त्या सालाची बाटली बाजारात उरलेली नाही. कुठून आणता आली तर शनिवार होईल, नाही तर नाही.

ता. क. तीन. दादाच्या निवृत्तीच्या समारंभात ऑफिसने त्याला एक लाकडी पेटी दिली होती. झाकणावरचं जळक्या ठशातलं नाव मी सगळ्यांसमोर 'ब्रेसिनॉल्ट' असं खणखणीत वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साल तेच आहे, माझ्या लक्षात आहे. दादा पीत नाही, तुम्ही तर वासानेही तोंड फिरवता, आणि ती पेटी तेव्हापासून तुमच्या टीव्हीखाली आडवी पडलेली आहे. बुचाला आडवं राहणंच मानवतं. दुकानाचा व्हॅनवाला हे पत्र घेऊन येतो आहे, त्याच्या हाती पेटी द्यावी. टीव्ही खाली येऊन दादाला संशय येऊ नये म्हणून सोबत माझा फ्रेंच शब्दकोश पाठवते आहे. मोजून पाहिला आहे, जाडी तीच आहे. मला आता त्याचा उपयोग नाही. दिल्याघेतल्याची पोच याच कागदाखाली लिहून परत पाठवावी, तोंडी निरोप मी मानत नाही.

(खाली, वहिनींच्या अक्षरात)

वन्सं, शब्दकोश एक, मिळाला. बाटली एक, व्हॅनवाल्याच्या हाती दिली, टॉवेलात गुंडाळून, आडवी. पेटी ठेवून घेतली आहे, टीव्ही जागच्या जागी आहे. ह्यांना विचारूनच दिली. पेटीत दोन होत्या. दुसरीची चौकशी करू नये. नाव आम्हाला येत नाही, आम्ही तिला 'टीव्हीखालची' म्हणतो. तिच्यात मेण नव्हतं, मध होता, आणि शेवटी भाजलेला बदाम. दूध करपल्याचं शेजारणीला मी सांगते, ती मला नाही. धाकटीला म्हणावं, शनिवारी नाव कुठलंही घे, पण मोठ्याने घे. थुंकलो आम्हीही नाही.