खोन की खोंग

॥ त्रिरत्नांस वंदन ॥

थाखेक, १८ जानेवारी २०१७

चि. मानीस, ताईचे अ. आ.

घरात फोन असताना ही पत्र लिहीत का बसली, असं तुला वाटेल. फोन करताना हे माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, आणि मला जे सांगायचं आहे ते यांच्या कानावर जायला नको. दुसऱ्याचं पत्र मात्र हे कधी उघडत नाहीत, एवढी सचोटी आहे माणसात. म्हणून हे पाकीट बसच्या पार्सलखिडकीवर देते आहे.

आम्ही दोघं सुखरूप. व्हिएंतियानला एक रात्र काढली, इथे ही दुसरी. प्रत्येक गाव नदीला चिकटलेलं, त्यामुळे प्रत्येक लॉजवाली आम्हाला आधी नदीकडची खोली दाखवते, पडदा सारून कौतुक करते आणि मग भाव सांगते. यांचं आपलं एकच, मागची खोली नाही का. कालच्या बाईला वाटलं आम्ही कुणाला चुकवून पळालो आहोत. मागच्या खोलीत खिडकीखाली कोंबड्यांचं खुराडं होतं, पण वीस हजार किप वाचले, मी कशाला बोलू. संध्याकाळी सगळं गाव काठावर भाजलेला मासा खात बसतं. हे खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करतात आणि मालट्रक बघतात. मीही माझी खुर्ची फिरवून घेतली.

यांची नाव खडकावर आपटून अकरा वर्षं झाली. भाजी विकणारी खामला त्या दिवशी पाण्यातून परत आली नाही, आणि यांनी दुसऱ्याच आठवड्यात नाव विहाराला देऊन टाकली. तेव्हापासून यांचा पाय नदीत भिजलेला नाही, हे तू रोज पाहतेसच.

आता खरं ते लिहिते. आपल्या विलायचं पत्र आलं होतं ना, त्यातलं अर्धंच मी तुला सांगितलं होतं. बारा फेब्रुवारीला नोय वर्षाची होते, तिच्या मनगटाला आजीआजोबांनी दोरा बांधायला यावं, इथवर तुला ठाऊक आहे. पुढे तिने लिहिलं आहे की आई, आलीस तर बाबांना घेऊन ये, एकटी येऊ नकोस. तू एकटी आलीस की त्यांचं न येणं चालून जातं. बाळंतपणात ती मरता मरता वाचली, तेव्हा मी एकटी गेले होते. तेच तिच्या मनात राहिलं आहे. म्हणजे हे आले नाहीत तर मलाही नात दिसायची नाही.

ते पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. विलायचं सासर डोन खोन बेटावर. मी वाचल्याबरोबर यांनी विचारलं, खोंग ना, खोंग बेटाला आता पूल झालाय म्हणे. मानी, मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. सुपारी कातरत राहिले. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन बसची चौकशी करून आले. खोंगला पूल आहे. खोनला जायचं तर नाकासोंगच्या धक्क्यावरून नावेतच बसावं लागतं.

मी यांना तिथवर नेणार आहे. कसं, ते मला अजून माहीत नाही. उत्तर पाक्सेच्या बसस्थानकावर नूडलचं दुकान असलेल्या मावशींच्या पत्त्यावर पाठव. कोंबड्यांना तांदूळ मोजून घाल, तू ओंजळीने घालतेस.

ताईवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बुआवान

----

लुआंग प्राबांग, २२ जानेवारी २०१७

ती. ताईस, मानीचा सा. न.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. बाजारात मूठभर मिरच्या जास्त आल्या तर अर्ध्या वाटेवरून परत करायला जाणारी माझी ताई, दर पौर्णिमेला पंचशील घेणारी, आणि चौथं शील मोडलं तेही सुपारी कातरता कातरता. भंतेजींना सांगू का? काही न बोलणं म्हणजे खोटं बोलणं होतं का, हे मी त्यांना विचारून ठेवते, तुझं नाव घेणार नाही. नाव न घेतलं तरी त्यांना कळेल ते वेगळं.

इकडे सगळं ठीक. पहाटे तुझ्या जागेवर मी चटई टाकते आणि भिक्षूंच्या पात्रात तुझ्या वाटणीचा भात घालते. तुझा घास लहान आणि माझा मोठा, त्यामुळे या आठवड्यात तुझं पुण्य वाढलं असणार. माग लावला आहे, काठ निळा धरलाय. कोंबड्या तुझ्यापेक्षा माझ्यावर खूश आहेत.

आता थट्टा पुरे. निघायच्या दिवशी भावोजी मागच्या दाराने माझ्याकडे आले होते, तुला ठाऊक नसेल. दान झाल्यावर पुण्य पोचवण्याचं पाणी आपण आईच्या नि बाबांच्या नावाने सोडतो, तसं ते अकरा वर्षं खामलाच्या नावाने सोडतात म्हणे. मी परत येईपर्यंत हे तू कर, एक दिवस चुकवू नकोस, असं सांगून गेले. मी हो म्हणाले, आणि रोज सोडते आहे. तर ताई, हा असा माणूस आहे. त्याला पुलावर नेऊन, बेट दाखवून, मग इथे नाही पलीकडे जायचंय असं सांगणार का तू? तिथून माघारी फिरले तर पुन्हा तुझ्या शब्दावर घराबाहेर पडणार नाहीत. आणि नावेत बसले नाहीत तर नातही गेली आणि त्यांचा विश्वासही गेला.

माझं ऐक, आधी सांग. लहान तोंडी मोठा घास वाटला तर परत आल्यावर कान धर.

विलायसाठी शेवाळाचे पापड दिले होते ते बसमध्ये चुरडू देऊ नकोस. भावोजींना माझा नमस्कार सांग. आहे तशीच माझ्यावर रागावत राहा.

तुझी,
मानी

----

॥ त्रिरत्नांस वंदन ॥

पाक्से, ३० जानेवारी २०१७

चि. मानीस, ताईचे अ. आ.

तुझं पत्र नूडलवाल्या मावशींनी भांड्यांच्या फडताळात जपून ठेवलं होतं, रस्सा लागलाय पण वाचता आलं. सावन्नाखेतला चार दिवस जास्त राहिलो, यांना ताप होता. लॉजच्या मालकिणीने आल्याचं पाणी करून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणून निघताना मी तिची खोली झाडून दिली.

पाण्याबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी डोळे पुसले. मावशींनी विचारलं काय झालं, मी म्हणाले तिखट लागलं.

मग मी ठरवलं की आजच सांगायचं. सकाळी विहारात जाऊन आले, पुन्हा शील घेतलं, आणि दुकानात यांच्यासमोर येऊन बसले. हे वाडग्यात लिंबू पिळत होते. मी सांगितलं की विलायचं घर खोंगला नाही, खोनला आहे, तिथे पूल नाही, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसले. एका दमात सांगितलं, नाहीतर सुटलंच नसतं.

हे लिंबू पिळतच राहिले. मग म्हणाले की तीस वर्षं नदीवर काढलेल्या माणसाला खोन आणि खोंग कळत नाही असं तुला वाटलंच कसं. म्हणाले, मी मुद्दाम विचारलं, खोंग ना म्हणून. तू तेव्हा नाही, खोन म्हणाली असतीस तर मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि एकदा नाही म्हटलं की मी त्यालाच धरून बसतो हे तुला माहीत आहे. तू सुपारी कातरत बसलीस, बरं केलंस. पण फार जाड कातरलीस.

एवढं बोलून नूडल खायला लागले. मला हसू येत होतं आणि राग येत होता. बारा दिवस माझ्या जिवाला घोर, मागच्या खोल्यांतून कोंबड्या ऐकत मी झोपत नव्हते, आणि या गृहस्थांना सगळं ठाऊक. मी म्हणाले तर मग आपण दोघांनीही शील मोडलं. म्हणाले, अर्धं अर्धं.

पण मानी, वाडगं संपल्यावर जे बोलले ते चांगलं नव्हतं. खोंगपर्यंत मी येतो, पूल आहे. पुढचं माझ्या हातात नाही, पायात आहे, आणि पाय ऐकत नाहीत. मला ओढू नकोस, आणि विलायला आधी काही कळवू नकोस.

मी ओढणार नाही. माघारीही फिरणार नाही. बारा तारखेला अजून तेरा दिवस आहेत.

पापड शाबूत आहेत. माया राहू दे, आणि तुझ्या त्या मोठ्या घासांनी माझं पुण्य वाढवत राहा.

तुझी,
बुआवान

----

डोन खोंग, ८ फेब्रुवारी २०१७

चि. मानीस आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझी ताई विहारात गेली आहे म्हणून लिहितो.

आम्ही पूल ओलांडून खोंगला आलो. रोज सकाळी मी रिक्षा करून नाकासोंगच्या धक्क्यावर जातो. ती बरोबर येते, चहाच्या दुकानात बसते, जपमाळ ओढते आणि माझ्याकडे बघत नाही. न बघण्याचा फार त्रास होतो. मी नावा बघतो. इथले नावाडी चांगले आहेत. पहिल्या दिवशी दुकानापर्यंत गेलो, काल पायऱ्यांपर्यंत. पायरीवर पाय ठेवला की मला तो आवाज ऐकू येतो, लाकूड खडकाला लागल्याचा. त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं, खडक दिसायला हवा होता, मला दिसला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू ताईला सांगितलंस तरी चालेल.

पोरगी पलीकडे आहे. धक्क्यावरून तिच्या बेटाची झाडं दिसतात.

जमलं नाही तर मी तसं कळवीन. पाणी सोडतेस ना?

थोंगसाय

----

॥ त्रिरत्नांस वंदन ॥

डोन खोन, १४ फेब्रुवारी २०१७

चि. मानीस, ताईचे अ. आ.

वरचं गावाचं नाव नीट वाच. खोंग नाही.

बारा तारखेची सकाळ सांगते. आम्ही नेहमीसारखे धक्क्यावर गेलो. हे तिसऱ्या पायरीवर थांबले. मला वाटलं, आज चहाच्या दुकानात बसून भागायचं नाही. मी खाली उतरले आणि पन्नाशीचा एक नावाडी होता त्याच्याशी बोलले. मग त्याच्या नावेत जाऊन बसले, छत्री उघडली, मांडीवर पापडांची पिशवी आणि चिकट भाताची टोपली घेतली. नावाडी निघू का म्हणाला, मी म्हणाले थांबा. किती वेळ म्हणाला, मी म्हणाले संध्याकाळपर्यंत.

हे वरून म्हणाले की ऊन लागेल, वर ये. मी म्हणाले छत्री आहे. थोड्या वेळाने म्हणाले की बाकीचे उतारू खोळंबतील. मी म्हणाले, कुणी खोळंबत नाही, आख्खी नाव ठरवली आहे, दिवसभराची. यांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. पुन्हा विचारलं, आख्खी? मी म्हणाले हो. किती दिले? मी आकडा सांगितला. घासाघीस केलीस का? मी म्हणाले नाही, मागितले तेवढे दिले.

मानी, कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन दुकानं फिरणारी मी. यांचा चेहरा असा झाला की नदीपेक्षा माझीच भीती वाटावी. नावाड्याला विचारलं, खरंच तेवढे घेतलेस का या बाईकडून? तो म्हणाला, त्यांनीच दिले काका, मी तर कमी करायला तयार होतो. मग हे बराच वेळ उभे राहिले. मी भात खात होते, बघत नव्हते. दुपारच्या सुमाराला नाव एकदम हलली. बघते तर हे माझ्यासमोर येऊन बसले होते, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला, बोटं पांढरी. नावाडी भला माणूस, इंजिन हळूच सुरू केलं.

वाटेत यांचे डोळे मिटलेले नव्हते, एवढं सांगते. पाण्याकडे बघत होते, एकेक खडक मागे जाईपर्यंत बघत होते.

खोनच्या काठाला विलाय उभी होती. कुणीतरी सांगितलं असेल, मी कळवलं नव्हतं. नोय कडेवर. मी उतरले. हे उतरेनात. मला वाटलं पुन्हा पाय अडले. पण तसं नव्हतं. नावाडी मागे उभा राहून म्हणत होता, काका उतरा, आणि हे म्हणत होते तुम्ही आधी. तो म्हणाला, नावाडी शेवटी उतरतो. हे म्हणाले, तेच म्हणतोय मी. दोघंही जागचे हलेनात. तो बिचारा नाव त्याची असून गप्प झाला, त्याला काय कळलं देव जाणे.

विलाय माझ्याकडे बघत होती. तिने नेसलेला सिन गुडघ्यापर्यंत वर घेतला, पोरीला खांद्याशी धरलं आणि पाण्यात चालत नावेपर्यंत गेली. बाळंतपणापासून बापलेकीचा एक शब्द झाला नव्हता. मला वाटलं आता ही काय बोलेल आणि हे काय बोलतील. ती आत चढली, तशी नाव एका बाजूला कलली. यांनी तिच्याकडे न बघता हात पुढे केला, पोरीला घेतलं, आणि म्हणाले, डावीकडे बस, वजन उजवीकडे झालंय.

ती डावीकडे बसली.

आम्ही महिनाभर इथेच आहोत. घर, कोंबड्या आणि पाणी तुझ्याकडे. विलाय तुला नमस्कार सांगते आहे. तुझ्या मायेचा वाटा या तिघांनाही पोचू दे.

तुझी,
बुआवान