तोंडातल्या तोंडात

बाई, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एकदाही काही लिहिलं नाही. लिहायला बसण्याइतकं कधी काही अडलंच नव्हतं. आता अडलं आहे.

तुमच्या हाताखाली मी अमरावतीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. शाळा सोडून दिलेल्या मोठ्या माणसांना घरी बसून बी.ए. करता यावं म्हणून एका शाळेच्या दोन खोल्यांत ते अभ्यासकेंद्र चालायचं. पोस्टाने पुस्तकं यायची आणि दर रविवारी तुमचे वर्ग. पाचवीच्या पोरांच्या बाकांवर मिशीवाली माणसं गुडघे बाहेर काढून बसलेली मला अजून दिसतात. बडनेऱ्याचा तो रेल्वेतला पॉइंट्समन रात्रपाळी संपवून तसाच गणवेशात यायचा, पहिल्या तासाला डुलक्या काढायचा, आणि तुम्ही त्याला उठवायच्या नाहीत. तास संपला की त्याच्या बाकाशी जाऊन त्याच्यापुरतं पुन्हा सांगायच्या. मला ते तेव्हा फाजील लाडाचं वाटायचं. मी फॉर्म तपासायची, शिक्के मारायची, आणि नियम माझे पाठ होते.

त्याच वर्षीच्या परीक्षेत तुम्ही मला दाराशी उभं केलं होतं. अर्ध्या तासानंतर कोणाला आत सोडायचं नाही, असा नियम. दर्यापूरहून येणारी एस.टी. वाटेत बंद पडली आणि एक बाई चाळीस मिनिटं उशिरा धापा टाकत आल्या. मी त्यांना घड्याळ दाखवलं. त्या पायरीवर बसून पदराने तोंड पुसत राहिल्या. तुम्ही व्हरांड्यातून आलात, त्यांना दंडाला धरून आत नेलंत, पेपर दिलात, आणि मग बाहेर येऊन मला म्हणालात, "तुला इथे कावून उभं केलं मी? नियमच सांगायचा असता तर कागद चिकटवला असता दारावर. तुला डोळे आहेत म्हणून उभं केलं." रागावलात की तुमची मराठी अशी वऱ्हाडीकडे झुकायची. वर पत्र लिहून उशिराची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलीत, हे मला नंतर फाइलमध्ये दिसलं. मला तुम्ही ते कधी सांगितलं नाही.

आणि पुढच्या मे महिन्यात, मला सातवा महिना असताना, तुम्ही रिक्षात घालून घरचा टेबलफॅन घेऊन आलात. मी नको नको म्हणत होते. तुम्ही तो माझ्या टेबलावर ठेवलात, वायर लावलीत आणि म्हणालात, "हा तुझ्यासाठी नाही, पोटातल्यासाठी आहे. तू मधे बोलू नकोस." त्या उन्हाळ्यात फक्त माझ्याच टेबलावरचे कागद उडत होते आणि सगळे मला हसत होते.

आता मी अकोल्यात आहे. जठारपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे, आणि मी तिथली समन्वयक. तुम्ही असता तर काय काय बघून चकित झाला असता, असं पुष्कळदा मनात येतं. पुस्तकं आता मोबाइलवर येतात. माझे तास रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. पडलेली शंका यंत्राला विचारली की ते उत्तर देतं, तेही मराठीत. तुमच्या त्या पॉइंट्समनला रविवारी झोप मोडून यावंच लागलं नसतं. हे सगळं वाईट आहे असं म्हणायला मी लिहीत नाही, बाई. ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या बाई तर ह्या सगळ्याशिवाय शिकूच शकल्या नसत्या.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. वय एक्कावन्न. लहानपणी तिसरीपर्यंत शाळा, मग सुटलीच. पुढे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकांवरून त्या पुन्हा वाचायला शिकल्या, मग दहावी केली, बारावी केली, आणि आमच्याकडे बी.ए.ला नाव घातलं. खिचडी शिजत असताना कानात वायर घालून माझे रेकॉर्ड केलेले तास ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, तुमाले कितीबी वेळा मांगं नेलं तरी तुमी चिडत नाई. समोर बसून इतक्या बार इचाराची मायी हिंमत नसती झाली." यंत्रालाही त्या वऱ्हाडीत प्रश्न विचारायच्या आणि ते पुणेरी उत्तर द्यायचं. "लय शुद्ध बोलते बापा थे," म्हणून तोंडाला पदर लावून हसायच्या. महिन्यातून एकदा मात्र दोन गाड्या बदलून केंद्रावर यायच्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक मांडीवर घ्यायच्या, आणि त्यांचे ओठ हलायला लागायचे. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "तोंड बंद ठेवलं की अक्षरं नुसती उभी राहतात मॅडम, बोलत नाईत." तीन वर्षं मी त्यांना असं वाचताना पाहिलं आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे.

त्यांचे आधीचे पेपर केंद्रावर झाले होते; शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर मात्र घरून द्यायचा होता. मोबाइल समोर ठेवायचा, त्याच्या कॅमेऱ्यातून एक यंत्र सगळा वेळ परीक्षा देणाऱ्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवतं. नजर कुठे जाते, दुसरं कोणी खोलीत येतं का, तोंड हलतं का. संशय आला की रेकॉर्डिंगच्या पट्टीवर तिथे लाल खूण होते. त्यांचा पेपर संपला तेव्हा तीन तासांची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल होती. अहवालात लिहिलं होतं, परीक्षार्थी सातत्याने कोणाशी तरी बोलत आहे.

सुनावणी दुपारी होती, तीही मोबाइलवरच. समितीचे तीन जण आपापल्या ठिकाणी, मी माझ्या टेबलाशी, आणि त्या दर्यापुरात एका नातेवाइकाच्या दुकानात, रेंज चांगली मिळते म्हणून. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र. त्या दिवशी एकामागून एक अशी पुष्कळ प्रकरणं होती आणि समितीला घाई होती.

"कोणाशी बोलत होता तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोनाशीच नाई साहेब. पेपर वाचून राह्यली होती."

"मोठ्याने?"

"नाई जी. तोंडातल्या तोंडात."

"ओठ हलवायचे नाहीत, असं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. वाचल्या नव्हत्या का सूचना?"

"वाचल्या होत्या साहेब. त्याबी तशाच वाचल्या होत्या."

कोणीतरी हसलं. त्याही हसल्या, बाई, कारण त्यांना वाटलं आता समजलं असेल ह्यांना. मग म्हणाल्या, "आमच्या मॅडमले इचारा ना. त्याइनं पाह्यलं आहे मले वाचताना, तीन वर्सं."

अध्यक्ष म्हणाले, "बोला मॅडम. तुमचं काय म्हणणं आहे?"

त्याच्या चार महिने आधी मी असंच एका तरुणासाठी बोलले होते. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता म्हणाला, आणि मी त्याची खात्री दिली. पुढे निघालं, की त्याचा भाऊ टेबलाच्या पलीकडे बसून उत्तरं सांगत होता. मला लेखी ताकीद आली. केंद्राकडून पुन्हा अशी शिफारस आली तर केंद्र ठेवायचं की नाही याचा विचार करू, असं त्यात होतं. दरवर्षी माझी नेमणूक नव्याने होते, तिचा कागद त्याच आठवड्यात सहीला गेला होता. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मला फक्त अध्यक्षांचा चेहरा दिसत होता, आणि खालच्या चौकटीत त्या, माझ्याकडे बघून मान हलवणाऱ्या, सांगा सांगा म्हणणाऱ्या. मी तोंड उघडलं. आणि बोटाने फोन बंद केला.

नेटवर्क नव्हतं गेलं. जठारपेठेत नेटवर्क जात नाही. मी स्वतः बंद केला, पालथा घातला आणि माठातलं पाणी प्यायले. दहा मिनिटांनी पुन्हा जोडला तर दुसऱ्या कोणाची सुनावणी चालू होती. मी म्हणाले, "सॉरी सर, नेटवर्क." ते म्हणाले, "ठीक आहे, त्या प्रकरणाचा निर्णय झालाय." पेपर रद्द, आणि दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही.

पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. एके दिवशी आमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक बारीक ओळ दिसली, की त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दर्यापूरची गाडी पकडली. तिथून काळीपिवळी जीपमध्ये बसून त्यांच्या गावाला गेले. सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच निघाले होते. वाटेत शब्दसुद्धा जुळवले होते.

अंगणवाडीत लेकरांना वाढणं चाललं होतं. मला बघून त्या इतक्या हरखल्या की हातातली पळी तशीच घेऊन दारात आल्या. लेकरांना म्हणाल्या, "नमस्कार करा रे, माया मॅडम आहेत ह्या." मला सतरंजीवर बसवलं, ताटलीत खिचडी दिली, वर तेल घातलं. मी सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी सुनावणीत..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "जाऊ द्या मॅडम. तुमचं नेटवर्क गेलं, त्यात तुमचा काय दोस? मी घरी साऱ्याइले हेच सांगतलं. मॅडम लायनीवर असत्या तं बोलल्या असत्या माया बाजूनं."

मी घास हातात धरून बसले. ते वाक्य खोडायला मला दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "अपील करता येतं, ताई. मी लिहून देते."

"नाई मॅडम. आता नाई." त्या जवळ बसल्या. आवाज खाली आणला, लेकरांनी ऐकू नये म्हणून. "पेपरचं कायी नाई. दोन वर्सानं देता आला असता. पन मले आता वाचताच येऊन नाई राह्यलं. पुस्तक घेतलं की ध्यान सारं ओठाइवर. हालून राह्यले का, कोनी पाहून राह्यलं का. मंग मी तोंडात पदर धरते दातानं, आन् वाचते. पान सरते, पन कायीच समजत नाई. पोरीनं चिठ्ठी लिहून ठेवली होती परवा, थे बी दोनदा वाचा लागली." आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, तुमी सारे खरंच मनातल्या मनात वाचता? कसं ऐकू येते तुमाले?"

एक लेकरू पाणी मागायला आलं आणि त्या उठल्या. निघताना त्यांनी मला पिशवीत शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. गाडी वळेपर्यंत उभ्या होत्या.

अकोल्याला परतून मी समितीला लिहिलं. मी ह्या बाईंना तीन वर्षं पाहते आहे, त्या अशाच वाचतात, त्यात लबाडी नाही, असं सगळं स्वच्छ लिहिलं. मिनिटभरात उत्तर आलं की आपल्या विनंतीची नोंद झाली आहे. ते यंत्राचं होतं. माणसाचं उत्तर महिन्याने आलं. मुदत संपली आहे, आणि सुनावणीच्या वेळी केंद्राने हे का मांडलं नाही? मी कळवलं, तांत्रिक अडचणीमुळे. तिथेही मी तेच लिहिलं, बाई. माझी नेमणूक पुन्हा झाली आहे.

लोक म्हणतात यंत्राने अन्याय केला. स्टाफरूममध्ये मीही तसं म्हणते, आणि सगळे माना डोलावतात. यंत्राला जे दिसलं ते त्याने सांगितलं. ओठ हलत होते हे खरंच होतं. ते का हलतात, हे त्यांच्याखेरीज अख्ख्या जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तिला विचारलंही होतं. त्या रविवारच्या वर्गातल्या माणसांसाठी तुम्ही किती ठिकाणी स्वतःचं नाव अडकवून घेतलं असेल, हे मी हल्ली मोजायचा प्रयत्न करते, आणि मला एकच फाइल आठवते, कारण तेवढी एकच मी उघडून बघितली होती.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमचं घर विकलं गेलं, तुमची मुलं कुठे आहेत मला माहीत नाही. पण खरं सांगू का, पत्ता नाही ही काही अडचण नाही. पत्र मुळात तुम्हाला लिहायचंच नव्हतं. ज्यांना लिहायचं त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, गावाच्या पिनकोडसकट. दोनदा सुरू केलं आणि फाडलं. त्या ते हातात घेतील, दारात उजेडाला बसतील आणि एकेक शब्द वाचून काढतील, कितीही वेळ लागला तरी. तुम्ही वाचू शकत नाही, बाई. म्हणून तुम्हाला लिहिलं.