घट्ट बसलेली कवळी

३ फेब्रुवारी १९७३, उमरगा
आलो एकदाचा सोलापूर सोडून! हमरस्त्यावरच खोली मिळाली, दंतवैद्य म्हणून पाटीही लागली. दुष्काळामुळं पाण्याची बोंब आहे, पण कवळीला असं कितीसं पाणी लागतं? झाडलोटीला चांगुणाबाई येतात. त्यांच्या सहा वर्षांच्या गुलाबचा दुधाचा दात हलतोय. चिमटा दाखवला की खिदळत पळते. हैदराबादहून कवळीसाठी नवी गुलाबी पावडर आणलीय. आधी माझ्याच एका पडलेल्या दाताच्या जागी तिची पट्टी करून बसवली. झकास!

११ फेब्रुवारी
मथुराबाईंना कवळी बसवली. त्यांचा मुलगा शिवप्पा ट्रक चालवतो, त्यानंच त्यांना आणलं होतं. दातांच्या खुणा उमटवणारा निळा कागद चावायला दिला. कुठं उंच नाही, कुठं फट नाही. जिभेनं ढकला म्हटलं, हलेना! स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२ मार्च
मथुराबाई तपासणीला आल्या. कवळी निघेना. हिरडी कुठं संपते नि कवळी कुठं सुरू होते, तेच कळत नाही. सुई टोचली, तर नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, दुखत न्हाय, आन् आता भूकबी लागत न्हाय. गाल पार बसलेत. शिवप्पाला बजावलं, जबरदस्तीनं चारा.

९ मार्च
ट्रक उलटून शिवप्पा गेला. पोराच्या मढ्याशेजारी बसून मथुराबाई म्हणाल्या, मला काय वाटतच न्हाय गं. सगळ्या बाया ऐकत होत्या. भीती वाटली मला.

१४ मार्च
दारात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची रांग. दात धडधाकट. सगळे उपटा आन् मथुराबाईवानी बसवा म्हणतात, म्हंजी भुकेचा तरास जाईल. वेड लागलंय का, म्हणून ओरडलो. हाकललं.
जेवायला बसलो. इच्छाच नाही. माझी पट्टी ओढून बघितली —
निघत नाही.

१७ मार्च
मथुराबाई गेल्या. उपाशी. बरं.
पावडर फेकून द्यायची होती. डबा टेबलावरच आहे.

१९ मार्च
चांगुणाबाईंचे दात काढले. सगळे. कवळी बसवली. नको म्हणायचं होतं, पण —

२६ मार्च
चांगुणाबाईंनी गुलाबला आणलंय. सरकारी सुकडी संपली, पोर भुकंनं रडती म्हणाल्या. चेहरा कोरा. दुधाचे दात आहेत हो, मी म्हणालो. मग सहज निघतील की, म्हणाल्या.
चिमटा बघूनही आज गुलाब पळाली नाही. काका, दुखंल का, विचारतेय. मला रडू यायला हवं. थांबलो. येत नाही.
तोंड उघड म्हटलं. तिनं उघडलं. पहिला, तो हलणारा —